निवळीच्या तळाशी

शिव्यांचा पूर ओसरला तेव्हा कुठे प्रांजल चिंदरकरला कळलं, की इतके दिवस त्या पुरात उभी राहून ती एक नाव शोधत होती.

पूर होता तोवर हे ध्यानात यायला सवड नव्हती. मोबाईल उघडायचा, वाचायचं, असह्य झालं की तो पालथा टाकायचा आणि घोटभर पाणी पिऊन पुन्हा सरळ करायचा. वाचतेस कशाला, असं सगळे विचारायचे. ठाण्यातला हवालदार तर म्हणाला, मॅडम, थोडे दिवस मोबाईलच बंद ठेवा ना. म्हणजे घरात चोर घुसले तर मालकिणीनं अंगणात जाऊन बसावं, चोरांची जेवणं उरकेपर्यंत. तिला राग आला, तरी आपण का वाचतो, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

मग मोबाईलवर शिव्या गाळणारी निवळी आली. पडदा स्वच्छ झाला. त्या स्वच्छ पडद्याकडे बघत अकोल्याच्या क्रीडा वसतिगृहातल्या खोलीत ती रोज सकाळी चहा गार करत बसायला लागली, तेव्हा तिला उमगलं. ती गौरेश कुबलच्या निरोपाची वाट बघत होती. तो निरोप शिवीगाळीत हरवून जाईल या भीतीनं ती सगळी शिवीगाळ वाचत होती.

मुळात भानगड एका पावलाची. कुडाळला कबड्डीची राज्य निवड स्पर्धा होती, अंतिम सामना, आणि पंच म्हणून प्रांजल उभी. घरचा जिल्हा एका गुणानं मागे, शेवटची चढाई. मैदानाच्या दोन्ही अंगांना लॉबीचा पट्टा असतो. समोरच्या गड्याला हात लागण्याआधी चढाई करणाऱ्यानं त्या पट्ट्यात पाऊल टाकलं की तो बाद. घरच्या पोरानं पाऊल टाकलं. त्याचं म्हणणं, आधी कोपऱ्यातल्या गड्याला माझं बोट लागलं होतं. प्रांजल हाकेच्याही अलीकडे उभी होती. बोट लागलं नव्हतं. तिनं शिट्टी मारली आणि बाद दिला.

प्रेक्षकांतल्या कुणाच्या तरी मोबाईलनं ते तिरकं टिपलं होतं. त्या तिरक्या चित्रात बोट लागल्यासारखं दिसत होतं. एवढं पुरे झालं. घरी पोचेपर्यंत तिचं नाव, तिचा फोटो, तिचं गाव, तिचा पगार, सगळं बाजारात आलं होतं. तिनं किती पैसे खाल्ले इथून सुरुवात झाली आणि ती कुणाकुणाबरोबर झोपते इथवर गाडी आली. पुरुष पंच चुकला तर त्याचा डोळा चुकतो. बाई चुकली तर तिचं सगळं अंग चुकतं. त्या शिव्या इथं उतरवायचं कारण नाही. लिहिणाऱ्यांना पुन्हा छापून यायचा मान कशाला द्यायचा? सगळ्यात जास्त शिव्या घरच्या जिल्ह्यातून आल्या, तिच्या स्वतःच्या बोलीत.

आणि हरलेल्या संघाचा प्रशिक्षक होता गौरेश.

गौरेश मालवणचा. होड्यांची विजेवर चालणारी इंजिनं दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी वाडीतल्या पोरांना कबड्डी शिकवायचा. प्रांजलचं घर त्याच वाडीत. दोघंही चौतिशीला आली होती आणि लग्नाचा विषय इतकी वर्षं एकमेकांच्या अंगणात ढकलत होती. त्याचं प्रेम आहे असं त्यानं कधी म्हटलं नाही. तो फक्त शिव्या द्यायचा. मालवणी माणसाला माया दाटून आली की पहिली शिवीच बाहेर पडते. गोड बोलायला लागला तर घरात कुणी आजारी आहे का ते विचारावं लागतं. त्या सामन्यानंतर मात्र त्यानं तिच्याकडे एकदा बघितलं, पोरांना गोळा केलं आणि निघून गेला. शिवी नाही, काही नाही. ती नजर रागाची होती की कसली, हे तिला आठवून आठवूनही ठरवता आलं नाही.

प्रांजल क्रीडा खात्यात प्रशिक्षक होती. बदली तिनंच मागून घेतली. अकोला मागितलं, कारण तिथून समुद्र लांब होता.

निवळी हे नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याला जुनं माहीत होतं. निवळीचं बी दगडावर उगाळून गढूळ पाण्यात ढवळलं की माती तळाला बसते आणि वरचं पाणी पिण्याजोगं होतं. मोबाईलमधली निवळीही तेच करायची. तळाला बसलेल्या ढिगाला लोक गाळ म्हणायला लागले. सुरुवातीला ज्यांना त्रास होतो त्यांनी ती मागून घ्यायची होती. दोन-तीन पोरींनी जीव दिला, मग सरकारला जाग आली, आणि निवळी सरसकट लागू झाली.

तिचं काम दोन साक्षीदारांवर चालायचं. पहिला साक्षीदार शब्दांचा. यंत्राला लाखो मराठी वाक्यं खाऊ घातलेली होती. त्यात शिवीगाळ कुठली ते माणसांनी आधी खुणा करून दिलेलं. नवं वाक्य आलं की ते या खुणावलेल्या ढिगाच्या किती जवळ पडतं ते यंत्र मोजायचं. दुसरा साक्षीदार बोटाचा. बोटात एक अंगठी घालायची. ती नाडीचे ठोके, त्यांतला मागेपुढेपणा, कातडीला सुटणारा ओलसरपणा आणि बोटाची ऊब मोजायची. माणूस हादरला की हे सगळं एकदम बदलतं, ते लपवता येत नाही. नुसत्या शब्दांवर विसंबलं तर मैत्रिणींची थट्टासुद्धा अडेल. नुसत्या नाडीवर विसंबलं तर बँकेचा निरोपही अडेल. म्हणून नियम असा, की दोन्ही साक्षी जुळल्या तरच गाळायचं. शब्द वंगाळ आणि काळीज हललेलं. पाठवणाऱ्याला काही कळत नाही, त्याला निरोप पोचल्यासारखाच दिसतो. त्याचा फोनही त्याच्याकडे वाजतो, हिच्याकडे वाजत नाही.

डोकं चालवून केलेली गोष्ट होती, नाही असं नाही. करणाऱ्यांचा हेतूही वाईट नव्हता.

यंत्राला माणूस शिकवावा लागायचा. अकोल्याच्या निवळी केंद्रात प्रफुल्ल इंगोले नावाच्या गृहस्थानं प्रांजलला एका खुर्चीत बसवलं, बोटात अंगठी घातली आणि तिचे गेल्या काही वर्षांचे सगळे निरोप भराभर तिच्या डोळ्यांसमोरून सरकवले. तुम्ही नुसतं बघत राहा, म्हणाला, बाकीचं अंगठी करते, कुणामुळं आणि कशानं नाडी हलते ते ती पाठ करते आणि पुढं तुम्हाला न दाखवताच ओळखते. प्रांजल बघत राहिली. घाण आली की बोट ओलं व्हायचं. मधूनच तिची आते, बायो, यायची. तिचा प्रत्येक निरोप ‘काय गो फटके’ असाच सुरू व्हायचा, आणि प्रांजलचं बोट थंड राहायचं. गौरेशचे जुने निरोपही त्यात सरकून गेले. त्या वेळी तिनं डोळे मिटले होते, एवढंच तिला आठवतं.

त्यानंतर शांतता.

शांततेतही एक गोष्ट झाली, ती सांगितली पाहिजे. शिव्या देणारे काही मेले नव्हते. त्यांना लवकरच कळलं की वंगाळ शब्द टाळला की निवळीला ओलांडता येतं. मग त्यांनी शुद्ध मराठी शिकून घेतली. ‘आदरणीय प्रांजलताई, आपण वसतिगृहाच्या मागील दाराने येता-जाता. तिथला दिवा बंद असतो. कृपया जपावे. आपला हितचिंतक.’ असा निरोप वाचताना तिची नाडी धावत सुटायची, पण शब्दांचा साक्षीदार म्हणायचा, छे, किती सभ्य माणूस आहे. निरोप पोचायचा. देशानं शिवी बंद केली आणि द्वेषाला इस्त्री करून दिली. बाजारात, कचेरीत, बसमध्ये माणसं जपून, गुळगुळीत बोलायला लागली. लोकांशी व्यवहार करणाऱ्या नोकरांच्या कानात तर मणी बसवायचा नियम आला. समोरचा बोलला की मणी ते क्षणभर धरून ठेवायचा, वंगाळ शब्द काढून टाकायचा आणि उरलेलं कानात सोडायचा. तिथं नाडीची साक्षही लागत नसे.

आणि गौरेशकडून एकच निरोप आला.

‘नमस्कार. आपण कशा आहात? झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटले. तब्येतीची काळजी घ्यावी. गौरेश कुबल.’

प्रांजलनं तो वाचला तेव्हा ती पोरींच्या सरावाला निघाली होती. ती परत खोलीत गेली आणि खाटेवर बसली. आपण. कशा आहात. खाली पूर्ण नाव, जसं काही तिच्या ओळखीत दहा गौरेश होते. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात तिला धड नावानं हाक मारली नाही त्यानं तिला आपण म्हटलं होतं. याहून मोठी शिवी तिला कुणी दिली नव्हती. तिनं उत्तर लिहिलं, ‘मी ठीक आहे. आभारी आहे.’ आणि अंगठीनं बोट दाबून धरलं, तिचे ठोके मोजत.

संपलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. सांगून काही संपत नाही. वसतिगृहातल्या पोरी भाकरीबरोबर ठेचा खायच्या तेव्हा तिला सोलकढी आठवायची, आणि सोलकढीबरोबर तिला सगळं आठवायचं. चार वर्षं गेली. मोबाईलवर कुणाचंही नाव उजळलं की आधी दुसरंच नाव वाचायची सवय गेली नाही.

मग एका रविवारी बायोआतेचा फोन आला. आते सत्तरीची, जगातल्या सगळ्यांवर तक्रार असलेली बाई. सुपारीच्या भावापासून सुरुवात करून ती शेजारणीच्या सुनेपर्यंत आली आणि मग जाता जाता म्हणाली, की काल गौरेश भेटलेला, आणि तो विचारत होता.

काय विचारत होता, असं प्रांजलनं विचारलं. आवाज साधा ठेवायला तिला कष्ट पडले.

“म्हणता, एकदा आभार मानल्यान, मगे तुजी भाची माका एक अक्षर धाडणा नाय,” आते म्हणाली. “मिया लिवून लिवून बोटां झिजयली म्हणता. काय गो, इतकी कसली मिजास तुका? अकोल्याक जावन राणी झालंस?”

प्रांजल म्हणाली, त्यानं मला एकच निरोप पाठवला, आते. एक. तोही सरकारी.

“मगे तो खोटा बोलता?” आतेनं विचारलं, आणि मग फटकी आली तुमका दोघांका, असं म्हणून फोन ठेवून दिला.

आतेच्या शिव्या तिला पोचत होत्या. चार वर्षं रोज पोचत होत्या. म्हणूनच तर मालवणी शिवी निवळीत अडकत असेल असा संशय तिला कधी आला नव्हता.

इंगोल्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते जाडजूड, संथ गृहस्थ. त्यांच्या टेबलावर ‘कृपया मृदू बोला’ अशी पाटी होती आणि त्या पाटीवर त्यांनी आपली पिशवी अडकवली होती. त्यांनी दोन-तीन गोष्टी पडद्यावर बघितल्या आणि मान हलवली.

“आते चालते ना ताई? चालनारच,” ते म्हणाले. “माहा सासरा मले भैताड म्हटल्याबिगर फोन ठेवत नाई. तो बी चालते. काहून, तर त्याच्या फोननं माही नाडी जागची हालत नाई.”

पण गौरेशच्या निरोपानं माझं काही दुखत नव्हतं, असं ती म्हणाली.

“दुखते का सुखते, ते मशीनले थोडीच कयते. जीव धडधडला येवढंच तिले कयते. भेवानं धडधडला का वाट पाहून धडधडला, नाडी एकच.” ते थांबले, चष्मा काढला. “तुम्ही त्या दिवशी खुर्चीत बसल्या, अन् हा मानूस आला, अन् तुमचं बोट पेटलं. वरतून त्याची भाषा अशी. दोन्ही साक्षी जुयल्या.”

प्रांजलला आधी हसू आलं. मग ती हसू शकली नाही. यंत्रानं चोरी केली असती तर यंत्रावर ओरडता आलं असतं. इथं तिच्याच काळजानं दाराला कडी घातली होती. तो इतका आवडला नसता तर तो पोचला असता.

तिनं गाळ उघडून मागितला. इंगोल्यांनी समजावलं, की गाळ मिळतो, तो तुमचा हक्क आहे, पण जसा हवा तसा नाही मिळत. लोकांनी नावं बघून सूड घेऊ नये म्हणून कायद्यानं गाळातली नावं पुसलेली असतात, तारखा पुसलेल्या असतात, फोनवर सांगितलेलं असेल तेही अक्षरांत उतरवलेलं असतं, आणि सगळं पत्त्यांसारखं पिसलेलं असतं. शोधायची सोय नाही. सगळा वाचावा लागतो. अंगठी काढूनच वाचावा लागतो, आणि अंगठी काढली की आजवर बाहेर थांबलेले आत यायला मोकळे. ते म्हणाले, ताई, एवढ्या घाणीत हात घालून एक मानूस कसा वयखसान? त्याच्याच गावचे, त्याच्याच भाषेत लिहिनारे शंभर असतीन.

ओळखीन, असं ती म्हणाली. कसं, ते तिलाही माहीत नव्हतं. तिनं अंगठी काढून टेबलावर ठेवली. बोटावर पांढरा वळ राहिला.

तिनं रजा टाकली आणि वाचायला बसली.

चार वर्षांपूर्वी जे घोट घोट पचवलं होतं तसलंच, न वाचलेलं, आता एकदम ताटात आलं. तिच्या शरीराचा एक अवयव त्या लोकांनी सोडला नव्हता. तिच्या मेलेल्या आईला सोडलं नव्हतं. काही शुद्धलेखनात इतके कच्चे होते की त्यांची शिवी दुसऱ्यांदा वाचावी लागत होती, आणि हेच लोक तिला पंचगिरी शिकवत होते. ती उठून तोंड धुऊन यायची आणि पुन्हा बसायची. मालवणी आली की जपून वाचायची. ‘शिरा पडो गो तुज्या तोंडार.’ हा तो का? नाही. ‘खंय लपलंस गो रांडे?’ नाही. का नाही, ते सांगता येईना, पण नाही.

मग एक निरोप आला.

‘शिरा पडो तुज्या तोंडार, फोन उचल रे मेल्या.’

प्रांजलचा हात थांबला.

रे. मेल्या.

लहानपणी वाडीत मुलींचा संघ होईल इतक्या मुली नव्हत्या. म्हणून प्रांजल मुलग्यांत खेळायची, आणि मैदानात सगळे तिला रे म्हणायचे. बाकीचे मोठे झाले आणि गो म्हणायला लागले. गौरेश सुधारला नाही. तो तिला पुरुषालाच द्यावी तशी शिवी द्यायचा. तिच्या आईनं त्यावरून त्याला झाडूसुद्धा दाखवला होता. आज त्या एवढ्या ढिगात, मराठीतल्या झाडून सगळ्या शिव्यांत, प्रत्येक शिवी बाईला दिलेली होती. ती बाई आहे, हेच मुळी प्रत्येकाला तिच्या तोंडावर मारायचं होतं. एकाच माणसाची शिवी पुल्लिंगी होती. ती बाईला नव्हती, गड्याला होती. बरोबरीच्या गड्याला.

आणि शब्दांच्या साक्षीदारानं त्या मेल्याच्या पुढं खूण केली होती: जिवे मारण्याची धमकी.

आता तिला शोधावं लागेना. रे दिसला की ती थांबायची.

‘मेल्या, लोकांचो ताप सरापर्यंत गप रवलंय. आता सांगतंय, पाय लॉबीत होतो. मिया समोर बसान बगलंय. बरोबर दिलंस.’

हे वाचून ती उठली. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली पोरी सराव करत होत्या, त्यांच्या दमाचा आवाज वर येत होता. चार वर्षं हे एवढं वाक्य तळाला पडून होतं.

‘त्या दिसा पोरांका घरी सोडून तुज्याकडे इलंय तर तुज्या दाराक कुलूप. कोणाक घाबारलंस रे भित्र्या?’

‘जेवलंस काय नाय रे? नाय तर मर उपाशी.’

‘तुज्यावर लिवणाऱ्या एकाक गावलंय. कणकवलीचो. दोन ठेवन दिलंय कानाखाली. आता माज्यावर केस आसा. शिरा पडो तुज्या शिट्टीर.’

‘दिवाळी झाली काय घर बांधूक घेतंय. पडवी केवडी व्हयी ता सांग रे. नाय सांगलंस तर कोंबड्यांका देतंय.’

हा निरोप तिनं पुन्हा पुन्हा वाचला. लग्नाचं विचारणं त्याच्या तोंडून याहून सरळ येणं शक्य नव्हतं. त्या दिवाळीला ती कुठं होती? इथंच, मोबाईलकडे बघत.

मग हा आला: ‘तुका आता कोणाच्योच गाळी नको आसतीत. समाजलंय. उद्या शुद्ध लिवतंय.’

प्रांजलनं तोंडावर हात धरला. त्यानं बसून, जीभ चावत, शाळेतलं आठवून ते पत्र लिहिलं असणार. नमस्कार. आपण कशा आहात. तिला दुखू नये म्हणून त्यानं आपली भाषा धुऊन काढली, आणि धुतलेलं तेवढंच तिच्यापर्यंत पोचलं. त्यावर तिनं आभार मानले.

गाळ संपत आला तेव्हा दोन निरोप उरले होते. एक होता, ‘आता लिवचंय नाय. शिरा पडो माज्या तोंडार.’ आयुष्यात पहिल्यांदा त्यानं शिवी स्वतःला दिली होती. दुसरा होता, ‘कदी येतंस तेवा ये रे मेल्या. मिया खंय जातंय?’

यांतला आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला?

तारखा पुसलेल्या. क्रम पिसलेला. कायद्यानं मोठ्या काळजीनं पिसलेला. तिनं ते दोन्ही शेजारी ठेवले, उलटसुलट ठेवले. एका क्रमानं तो तिची वाट बघत होता. दुसऱ्या क्रमानं तो थांबून थांबून उठून गेला होता. इंगोल्यांना विचारलं तर ते म्हणाले, ते आता देवालेही नाई सांगता येत.

फोन करणं सोपं होतं. पण फोनच्या त्याच्या टोकाला अजून निवळी बसलेली, आणि तिला जे बोलायचं होतं ते शुद्ध मराठीत बोलता येण्यासारखं नव्हतं. शुद्ध मराठीत ते पुन्हा आभार झालं असतं. तिनं कोकणची गाडी धरली.

मालवणच्या धक्क्यावर पर्यटकांची रांग होती. गौरेश आता किल्ल्याकडे जाणारी होडी चालवायचा. कुणा कंपनीचा निळा सदरा अंगात, छातीवर नावाची पट्टी, कानात मणी. केस कानशिलांवर पांढरे झाले होते. तो एका म्हाताऱ्या जोडप्याला हात देऊन होडीत चढवत होता आणि ‘सावकाश या, आपलीच होडी आहे’ असं कोरं कोरं बोलत होता. मग त्यानं मान वर केली.

त्यानं म्हाताऱ्याचा हात सोडला. मग म्हणाला, “या. कशा आहात आपण?”

प्रांजलनं चार वर्षं साठवलेली शिवी दिली. चांगली खणखणीत, त्याच्या सात पिढ्यांना पुरेल अशी, धक्क्यावरच्या बायांनी माना वळवून बघावं अशी.

गौरेशच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तो नुसता तिच्या ओठांकडे बघत होता. मण्यानं एकेक शब्द काढून घेतला होता, आणि त्याच्या कानात तिच्या मधल्या श्वासांपलीकडे काही उरलं नसणार. त्यानं भुवया आवळल्या. मग हात कानाकडे नेला, मणी उपटला आणि मुठीत धरला.

“परत बोल,” तो म्हणाला.

ती परत बोलली.

तो खाली बघून हसला, आणि ते हसू पुरतं होण्याआधीच थांबलं. एवढी वर्षं खंय होतंस, असं त्यानं विचारलं नाही. तिला मात्र विचारायचं होतं. गाळ, अंगठी, पुसलेल्या तारखा, सगळं तिनं भराभर सांगितलं, कारण होडीतली माणसं खोळंबली होती. मग दोन्ही निरोप तोंडपाठ म्हणून दाखवले, लिवचंय नाय हा एक आणि कदी येतंस तेवा ये हा एक.

“यातलो शेवटचो खंयचो?” तिनं विचारलं.

गौरेशनं समुद्राकडे बघितलं. खोटं बोलायचं असतं तर ती वेळ सोपी होती, आणि तिलाही ते खोटं चाललं असतं.

“आठवणा नाय,” तो म्हणाला. “दोनय रोजच लिवी होतंय, रे. एक सकाळी, एक सांजचो.”

होडीतून कुणीतरी विचारलं, भाऊ, निघायचं का. गौरेशनं हो म्हटलं. मणी कानात घालायचा राहिला. तो त्यानं खिशात टाकला. दोर सोडताना तो तिला म्हणाला, की किल्ल्याला जाऊन परत यायला वेळ लागतो, घाई असेल तर तसं आताच सांग. तिनं सांगितलं नाही. इंजिनाचा आवाज नव्हताच, होडी नुसती सरकत गेली.

प्रांजल धक्क्याच्या कठड्यावर बसली. रांगेतल्या एका माणसानं तिच्याकडे निरखून बघितलं, शेजारच्याला कोपरानं ढोसलं आणि मोबाईल उचलून तिचा फोटो काढला. कुडाळची शिट्टी अजून लोक विसरले नव्हते. थोड्याच वेळात तिच्या मांडीवरचा मोबाईल थरथरला. तिनं तो उघडला. अंगठी नव्हती, निरोप जसाच्या तसा समोर आला. गो ने सुरू झालेला, आईवर संपलेला. मग दुसरा आला. मग तिसरा.

तिनं तिन्ही वाचले आणि मोबाईल पालथा ठेवला. होडी किल्ल्याच्या तटाआड गेली होती. ती दिसेनाशी झाली तिथंच नजर लावून प्रांजल बसून राहिली.